ईम गावची नोंदवही: प्लेगच्या गावातली घरं

नमस्कार मंडळी!

आज आपण जाणार आहोत इंग्लंडमधल्या डर्बीशर परगण्यात, ईम नावाच्या छोट्याशा गावात. 1665-66 साली इथे प्लेगने थैमान घातलं आणि गावाने आपणहून आपल्या सीमा बंद केल्या, हे तुमच्यापैकी काहींनी ऐकलं असेल. ही गोष्ट सांगताना सगळेजण गावचे पाद्री विल्यम मॉम्पेसन यांच्याबद्दलच बोलतात. मला आज तुम्हाला तिथल्या घरांत न्यायचंय.

आणि त्या घरांत शिरायची वाट आहे चर्चची नोंदवही. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीत येणारं गाव-शिवार. 1538 साली आठव्या हेन्री राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने फर्मान काढलं, की प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन लिहून ठेवायचं. शेतात राबणारी, शिशाच्या खाणीत उतरणारी माणसं एरवी कुठल्या कागदावर आली असती?

(पडद्यावर: चर्चजवळचं दगडी घर)

हे घर बघा. इथे मेरी राहायची. पहिला नवरा कूपर, त्याच्यापासूनची दोन मुलं, एडवर्ड आणि जोनाथन. दुसरा नवरा अलेक्झांडर हॅडफील्ड, शिंपी. आणि कामाला ठेवलेला जॉर्ज व्हिकर्स. असं सांगतात, की लंडनहून कापडाचा गठ्ठा आला, तो दमट होता, म्हणून जॉर्जने तो उलगडून शेकोटीपुढे वाळत घातला. त्या कापडात पिसवा होत्या, आणि त्यांनीच प्लेग आणला असं मानतात.

आता तारखा ऐका. 7 सप्टेंबर 1665, जॉर्ज गेला. 22 सप्टेंबरला एडवर्ड, वय 4. 2 ऑक्टोबरला जोनाथन, वय 12. मग हिवाळ्यात साथ मंदावली. या घराला वाटलं असेल, सुटलो. पण पुढच्या वर्षी 3 ऑगस्टला अलेक्झांडरही गेला. घरात एकटी मेरी उरली. तिची तेरा नातलग माणसं गेली, असं आज त्या घरावरच्या पाटीवर लिहिलंय.

त्याच 3 ऑगस्टपासून गावाबाहेर रायली इथल्या शेतावर हॅन्कॉक कुटुंबात मरण सुरू झालं. 10 तारखेपर्यंत एलिझाबेथ हॅन्कॉकचा नवरा जॉन आणि सहा मुलं गेली. आठ दिवस! तोवर गावात नियम झाला होता, की ज्याने त्याने आपली माणसं आपल्याच जागेत पुरायची. म्हणजे ते सगळं त्या बाईने केलं. दगडी कुंपणाच्या आतल्या त्या कबरी आजही शेतात आहेत. पाद्रीबाबांची पत्नी कॅथरीन यांचं थडगं चर्चच्या आवारात आहे, त्याही ऑगस्टमध्येच गेल्या. पण ईमला गेलात तर रायलीपर्यंत चालत जाच, ही माझी विनंती.

गाव बंद झालं ते जून 1666 मध्ये. आणि इथे एका माणसावर अन्याय होतो असं मला मनापासून वाटतं. थॉमस स्टॅन्ली. हे गावाचे आधीचे पाद्री. चर्चची नवी प्रार्थनापद्धती मान्य केली नाही म्हणून त्यांना पदावरून दूर केलं होतं. मॉम्पेसन तरुण, 1664 मध्ये आलेले, गावाला अजून परके. लोकांचा जीव स्टॅन्लींवर. हे दोघं आपले मतभेद बाजूला ठेवून एकत्र आले, म्हणून गावाने ऐकलं. धान्य आणि औषधं जवळच्या चॅट्सवर्थ वाड्यातल्या डेव्हनशरच्या अर्लकडून, म्हणजे तिथल्या सरदाराकडून यायची. बाहेरची माणसं सामान सीमेवर ठेवून जायची. तिथल्या दगडाला भोकं पाडलेली आहेत, त्यात व्हिनेगर ओतून गावकरी पैशाची नाणी ठेवायचे.

शेवटचा मृत्यू 1 नोव्हेंबर 1666 चा. एकूण सुमारे 260. गावात साडेतीनशेच माणसं होती आणि 83 वाचली, असा आकडा वर्षानुवर्षं सांगितला जातो. पण त्या काळी इंग्लंडमध्ये घरातल्या चुलींवर कर होता, दर चुलीमागे वर्षाला दोन शिलिंग. ती 1664 ची यादी पाहिली तर कुटुंबं बरीच जास्त दिसतात. म्हणून आताचे अभ्यासक वस्ती 700 किंवा त्याहूनही जास्त धरतात. तरीसुद्धा तीनातलं एक माणूस गेलं, हे भयंकरच आहे.

आणि चर्चची ही नोंदवही अजून कामाला येते बरं का. 2016 साली संशोधकांनी याच नोंदी घेतल्या, कोण कुणाच्या घरातलं, कोण कधी गेलं, हे गणितात मांडलं. उत्तर आलं, की सुमारे तीन-चतुर्थांश लागण माणसाकडून माणसाला झाली असावी, उंदरांकडून फक्त चौथा हिस्सा. मेरीच्या घरातल्या तारखा आठवा, म्हणजे हे का शोधावंसं वाटलं ते कळेल.

इंग्लंडमधल्या एखाद्या कुटुंबाचा माग काढायचा असेल, तर 1837 नंतरची जन्म-मृत्यूची सरकारी नोंद मिळते. त्याच्या मागे जायचं तर पॅरिशची वहीच धरावी लागते. डर्बीशरच्या अशा जुन्या वह्या मॅटलॉकच्या अभिलेखागारात सांभाळल्या आहेत. पुढच्या भागात चुलीच्या कराची यादी कशी वाचायची ते बघू. प्रश्न असतील तर खाली लिहा, मी उत्तरं देईन.