बयाणा देण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार. नागपुरात प्लॉट किंवा फ्लॅट घ्यायला निघालेल्यांनी आणि घर विकायला काढलेल्यांनी आजचं बोलणं जरा कान देऊन ऐकावं. कागद-पेन जवळ असेल तर उत्तम.

आपल्याकडे सौदा ठरतो तोंडी. जागा आवडली, भाव जमला, की त्याच बैठकीत बयाणा हातावर ठेवला जातो आणि कागद नंतर बघू असं म्हटलं जातं. आमचं सांगणं नेमकं उलटं आहे: आधी कागद, मग बयाणा. बयाणा दिल्यावर खोट निघाली तर समोरचा माणूस पैसे आपणहून परत करेलच असं नाही. मग वकील आणि दिवाणी दावा, आणि त्यात वर्षं जातात.

पहिला प्रश्न विचारायचा तो भावाचा नव्हे, जमिनीचा. ही जमीन मुळात कुणाची आणि कोणत्या प्रकारची? नागपुरात एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना दोन वेगळे प्रकार भेटतात. कुठे मालकी हक्काची जमीन आहे. कुठे नागपूर सुधार प्रन्यासाने लीजवर दिलेला प्लॉट आहे. जुन्या शहरात आणि सिव्हिल लाईन्सकडे नझूलची जमीन आहे, म्हणजे जमीन सरकारची आणि पट्टा आपला. शहराच्या कडेला शेतीवर पडलेले ले-आऊट आहेत. प्रत्येकाची तपासणी वेगळी.

लीजच्या प्लॉटचं मूळ लीज डीड मागा आणि दोन गोष्टी बघा: मुदत कधी संपते, आणि हस्तांतराला प्रन्यासाची परवानगी लागते का. भूभाडं कधीपर्यंत भरलंय त्याची पावती बघा. मुदत संपून गेलेली, नूतनीकरण केलेलं नाही, घर मात्र तीनदा विकलं गेलंय, असं सर्रास आढळतं. थकलेलं भूभाडं, नूतनीकरणाचा खर्च आणि हस्तांतर शुल्क कोण भरणार हे बयाणापत्रातच लिहा; नाहीतर शेवटी ते खरेदीदाराच्याच गळ्यात पडतं. नझूलच्या बाबतीत हीच चौकशी जिल्हाधिकारी कार्यालयाकडे करायची.

आता ले-आऊटचे प्लॉट. इथे जरा थांबून बोलायला हवं, कारण सर्वाधिक फसगत इथेच होते. मनीषनगर, बेसा, हुडकेश्वर, दिघोरी, वाठोडा, कोराडी रोड, कुठेही गेलात तरी जाहिरातीत दोन शब्द दिसतील: एनए-टीपी आणि आरएल. एनए-टीपी म्हणजे जमीन अकृषक झालेली आणि ले-आऊटचा नकाशा नियोजन प्राधिकरणाने मंजूर केलेला. आरएल म्हणजे आधी विनामंजुरी पडलेल्या ले-आऊटमधला प्लॉट विकासशुल्क भरून नियमित केल्याचं पत्र. त्याला 2001 च्या गुंठेवारी कायद्याचा आधार आहे. 2021 च्या दुरुस्तीने 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या बांधकामांना आणि ले-आऊटना त्यात आणलं. ‘आरएल होणार आहे’, ‘डिमांड (विकासशुल्काची मागणी) भरली आहे’ आणि ‘आरएल हातात आहे’ या तीन गोष्टी एकसारख्या नाहीत. डिमांड भरल्याची पावती म्हणजे आरएल नव्हे, आणि आरएल झालेल्या प्लॉटच्या भावाने तो घेऊही नये.

आरएल हातात आल्यावर तिच्यावरचा मौजा, खसरा क्रमांक, प्लॉट क्रमांक आणि क्षेत्रफळ विक्रीपत्राशी ताडून बघा. रस्त्यासाठी जागा कापली गेली असेल तर विक्रीपत्रात 1,500 चौरस फूट आणि आरएलवर त्याहून कमी, असं होऊ शकतं. बांधकामाचा नकाशा मंजूर होताना कमी क्षेत्र धरलं जातं, तेव्हा पैसेही कमी क्षेत्राचेच द्या. मग मंजूर नकाशा घेऊन प्रत्यक्ष जागेवर जा आणि टेपने मोजा. चतुःसीमा वाचा: पूर्वेला कोणता प्लॉट, पश्चिमेला किती फुटांचा रस्ता. दलालाने दाखवलेला कोपऱ्याचा प्लॉट आणि कागदावरचा प्लॉट हे दोन निघाले, तर तिथेच थांबा.

जुन्या गृहनिर्माण संस्थांच्या ले-आऊटमध्ये आणखी एक धोका असतो. संस्थेने एका सभासदाला पावती आणि कब्जापत्र दिलेलं असतं, आणि त्याच प्लॉटची रजिस्ट्री दुसऱ्याला लावून दिलेली असते. कब्जापत्र आणि पावती यांनी मालकी मिळत नाही. आममुखत्यारपत्रावर (पॉवर ऑफ ॲटर्नीवर) झालेल्या विक्रीचंही तसंच. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्येच हे स्पष्ट केलं आहे. मुखत्यार सही करणार असेल तर ते पत्र नोंदणीकृत आहे का, रद्द झालेलं नाही ना आणि लिहून देणारा हयात आहे का, हे तपासा.

मालकीची साखळी किमान 30 वर्षं मागे न्या. शहर हद्दीत नगर भूमापन कार्यालयाची आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड), बाहेर पटवाऱ्याकडचा सातबारा आणि फेरफार. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग 2 लिहिलं असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विक्री होत नाही. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये मौजा आणि क्रमांक टाकून सूची दोन, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा, घरबसल्या बघता येते. बँकेकडे गहाण ठेवल्याची सूचनाही तिथे सापडते. मात्र नोटरीसमोर केलेला करार सूची दोनमध्ये येत नाही. म्हणूनच वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यायची, 15 दिवस हरकती मागवायच्या आणि न्यायालयांच्या ई-कोर्ट्स संकेतस्थळावर विक्रेत्याच्या नावाने दावा चालू आहे का तेही बघायचं. बँकेने कर्ज मंजूर केलं म्हणजे कागद चोख, असं समजू नका. बँकेचा वकील बँकेचं हित बघतो. तुमचा सर्च रिपोर्ट तुमच्या वकिलाकडून घ्या.

घर वडिलोपार्जित असेल तर सगळ्या वारसांची नावं विचारा, बहिणींची आधी. मुलींना वाटा आहेच. ‘ताईंचं काही म्हणणं नाही’ हे बोलणं पुरत नाही. त्यांचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवं किंवा विक्रीपत्रावर त्यांची सही हवी.

फ्लॅटकडे वळू. नागपुरातल्या बऱ्याच फ्लॅट स्कीम महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायदा, 1970 खाली आहेत. तिथे डीड ऑफ डिक्लेरेशन, म्हणजे इमारतीचं घोषणापत्र, नोंदवलेलं असतं आणि तुम्हाला फ्लॅटसोबत जमिनीचा अविभक्त हिस्सा मिळतो. तो किती टक्के आहे हे विक्रीपत्रात बघा. पुढे इमारत पाडून नवी बांधायची वेळ आली की हाच आकडा कामी येतो. मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र मागा. नकाशात तीन मजले आणि प्रत्यक्षात चार असतील, तर वरचा मजला स्वस्त का मिळतोय हे कळेल.

भाव नेहमी कार्पेटवर, म्हणजे भिंतींच्या आतल्या वापरायच्या जागेवर काढा; सुपर बिल्टअपमध्ये भिंती आणि जिन्यासारख्या सामायिक जागांचा वाटाही धरलेला असतो. समजा 1,000 चौरस फूट सुपर बिल्टअपचा फ्लॅट 40 लाखांना मिळतोय, म्हणजे 4,000 रुपये फूट. आतून मोजला आणि कार्पेट 700 भरलं, तर खरा भाव 5,700 च्या वर गेला. दोन फ्लॅटची तुलना याच आकड्याने करा. नवीन प्रकल्प असेल तर महारेराच्या (बांधकाम प्रकल्पांवरच्या राज्य नियामकाच्या) संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक टाकून मंजुऱ्या आणि ताब्याची तारीख बघा. नोंदणीकृत करार करण्याआधी बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. ताब्यानंतर 5 वर्षं बांधकामातला दोष त्याने स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचा असतो, त्यामुळे गळती दिसली की लेखी कळवा.

जागा दोनदा बघा: एकदा भर पावसात, एकदा मे महिन्यात. सप्टेंबर 2023 मध्ये अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या चांगल्या वस्त्यांत घराघरात पाणी शिरलं. तळमजला घेताना शेजाऱ्यांना विचारा, त्या रात्री पाणी कुठवर आलं होतं. मे महिन्यात बोअरला पाणी राहतं का, नळाचं पाणी आहे की टँकर, गडर लाईन जोडलेली आहे की सेप्टिक टँक, हेही शेजारीच खरं सांगतात. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. पाया तिच्याखाली मुरमापर्यंत गेला नसेल तर दारं-खिडक्यांच्या कोपऱ्यातून तिरप्या भेगा जातात. नुकताच रंग मारलेल्या घरात या भेगा निरखून शोधा. सर्वात वरच्या मजल्याचा पश्चिमेकडचा फ्लॅट दुपारी चार वाजता बघा.

आता विकणाऱ्यांसाठी. घर विकणे आहे असा बोर्ड लावण्याआधी फाईल पूर्ण करा: मूळ विक्रीपत्रं, आखीव पत्रिका, आरएल किंवा लीज डीड, मंजूर नकाशा, मालमत्ता कराची आणि पाण्याची चालू पावती, वीजबिल. कागद तयार नसलेल्या घरासाठी ग्राहक भाव पाडतो, आणि त्याचं बरोबरच असतं. घरावर कर्ज असेल तर बँकेकडून थकबाकीचं पत्र घ्या आणि तेवढी रक्कम खरेदीदाराने थेट बँकेत भरावी असं ठरवा. रोखीचा हट्ट धरू नका. स्थावराच्या व्यवहारात 20,000 रुपये किंवा जास्त रोख घेतली तर घेतली तेवढाच दंड होऊ शकतो. 23 जुलै 2024 पूर्वी घेतलेल्या घरावर निवासी व्यक्तीला भांडवली नफ्याचा कर दोन रीतींनी काढता येतो, 12.5 टक्के किंवा महागाई निर्देशांक लावून 20 टक्के. सीएकडून दोन्ही आकडे काढून घ्या.

बयाणापत्रात एवढं यायलाच हवं: एकूण किंमत, दिलेली रक्कम चेक क्रमांकासह, विक्रीपत्राची शेवटची तारीख, त्याआधी विक्रेत्याने आणायचे कागद, आणि ते न आणल्यास बयाणा किती दिवसांत परत. रजिस्ट्रीच्या खर्चासाठी किमतीच्या सुमारे 8 टक्के बाजूला ठेवा. नोंदणी शुल्क 1 टक्का, कमाल 30,000 रुपये. मुद्रांक शुल्क ठरलेली किंमत आणि रेडी रेकनर, म्हणजे सरकारी दराने येणारी किंमत, यांपैकी जे जास्त त्यावर. सगळ्या खरेदीदार स्त्रिया असतील तर घरासाठी त्यात 1 टक्का सूट आहे. व्यवहार 50 लाख किंवा त्यावर असेल तर खरेदीदाराने 1 टक्का टीडीएस कापून भरायचा असतो. विक्रेत्याचं पॅन आधारशी जोडलेलं नसेल तर ही कपात 20 टक्क्यांवर जाते, तेव्हा हे आधीच तपासा.

रजिस्ट्री झाली म्हणजे काम संपलं असं नाही. सूची दोनची प्रत घेऊन आखीव पत्रिकेवर किंवा सातबाऱ्यावर फेरफार, लीज असेल तर प्रन्यासात नोंद, महापालिकेत करासाठी नाव, मग वीज मीटर आणि पाणी, असा क्रम धरा. फेरफाराचा अर्ज त्याच महिन्यात टाका आणि पोच जपून ठेवा. नोंद जुन्या मालकाच्या नावावर राहिली, तर तोच प्लॉट तो दुसऱ्याला दाखवू शकतो.