पॉट्सव्हिल मरून्स: 1925 चा सीझन

नमस्कार श्रोतेहो.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात पॉट्सव्हिल नावाचं गाव आहे. 1925 साली तिथली वस्ती वीस-बावीस हजारांची. आजूबाजूला डोंगर आणि त्यांच्या पोटात अँथ्रासाइट, म्हणजे सगळ्यात कठीण, जवळजवळ बिनधुराचा दगडी कोळसा. त्या वर्षी या गावची फुटबॉल टीम एनएफएलमध्ये, म्हणजे नॅशनल फुटबॉल लीग या व्यावसायिक लीगमध्ये, पहिल्यांदा उतरली, थेट पहिल्या नंबरला जाऊन पोचली, आणि तरी विजेत्यांच्या यादीत नाव लागलं ते दुसऱ्याच टीमचं. शंभर वर्षं झाली, भांडण अजून मिटलेलं नाही.

फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल बरं का, लांबट चेंडू हातात धरून पळायचा, तो. आज ज्या एनएफएलकडे अब्जावधी डॉलर आहेत, ती तेव्हा पाच वर्षांचं पोर होती. 1920 साली ओहायोतल्या कँटनमध्ये, एका मोटारींच्या शोरूममध्ये तिची बैठक झाली होती. वेळापत्रक लीग ठरवत नसे. प्रत्येक टीमचा मालक पत्रं पाठवून आपापल्या मॅच जमवायचा. त्यामुळे 1925 मध्ये एक टीम वीस मॅच खेळली आणि एक फक्त तीन. अंतिम सामना नावाची भानगडच नव्हती. जिंकलेल्या आणि हरलेल्या मॅचची टक्केवारी काढायची, बरोबरीत सुटलेल्या सोडून द्यायच्या, ज्याची टक्केवारी जास्त तो विजेता. हा हिशेब लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

पॉट्सव्हिलच्या टीमचा मालक डॉक्टर होता, जॉन स्ट्रीगल नावाचा सर्जन. टीमचं नाव मरून्स. गावातल्या खेळाच्या दुकानात जर्सींची ऑर्डर दिली, रंग कुठलाही चालेल म्हणून सांगितलं, आल्या त्या मरून. गंमत म्हणजे ज्यांच्याशी पुढे वाद झाला त्या शिकागो कार्डिनल्सचं बारसंही असंच झालेलं. त्यांनी शिकागो विद्यापीठाच्या वापरलेल्या मरून जर्सी विकत घेतल्या होत्या. धुवून धुवून त्या इतक्या विटल्या होत्या, की मालक ख्रिस ओब्रायन म्हणाला, हा तर कार्डिनल लाल!

मरून्सकडे कॉलेजात खेळून आलेले चांगले खेळाडू होते. चार्ली बेरी तर बेसबॉलही व्यावसायिक पातळीवर खेळायचा. पण गावाचा जीव होता टोनी लाटोनवर. कॉलेजचं तोंड न पाहिलेला पोरगा, अकराव्या वर्षी खाणीत कामाला लागलेला. चेंडू घेऊन सरळ समोरच्या घोळक्यात घुसायचा. आणि त्या वर्षी गावाला अशा कुणाची गरज होतीच. 1 सप्टेंबर 1925 ला अँथ्रासाइट खाणींचा संप सुरू झाला, दीड लाखाहून जास्त कामगार घरी बसले. तो मिटला थेट पुढच्या फेब्रुवारीत. म्हणजे फुटबॉलचा अख्खा सीझन संपात गेला. पगार बंद, आणि रविवारी मिनर्सव्हिल पार्कवर मॅच. कोल्हापूरच्या तालमींच्या मॅच पाहिलेल्यांना त्या मैदानाभोवतीचा माहोल समजावून सांगायला नको.

रविवारचं एक गणित होतं. पेनसिल्व्हेनियात रविवारी खेळायला कायद्याने बंदी होती. फिलाडेल्फियात ती कडक पाळली जायची, म्हणून तिथली टीम, फ्रँकफर्ड यलो जॅकेट्स, घरच्या मैदानावर शनिवारी खेळायची. खाणींच्या मुलखात मात्र हा कायदा कुणी फारसा मनावर घेत नसे. बाहेरच्या टीमला एकाच प्रवासात शनिवारी फिलाडेल्फियात आणि रविवारी पॉट्सव्हिलला खेळता यायचं. आडगावाला मोठमोठ्या टीम मिळाल्या त्या अशा. आदल्या दिवशी दमलेला पाहुणा समोर यायचा, हा फायदाही होताच, तो लपवण्यात अर्थ नाही.

पण दमलेले पाहुणे हे काही एकमेव कारण नव्हतं. नोव्हेंबरात फ्रँकफर्डकडून 20-0 ने हरलेले मरून्स महिनाअखेरीला त्याच फ्रँकफर्डला 49-0 ने चिरडून आले. मग 6 डिसेंबरला शिकागोत, बर्फ पडलेल्या कोमिस्की पार्कवर, समोर कार्डिनल्स. दोघंही यादीत अगदी वर. मरून्स 21, कार्डिनल्स 7. वर्तमानपत्रांनी लिहून टाकलं, पॉट्सव्हिल विजेते.

फक्त सीझन अजून संपला नव्हता. लीगच्या नियमाप्रमाणे तो 20 डिसेंबरपर्यंत चालणार होता.

पुढच्या शनिवारी, 12 डिसेंबरला, मरून्सची मॅच ठरली होती नोत्र दाम कॉलेजच्या माजी खेळाडूंशी. त्या टीममध्ये 'चार घोडेस्वार' म्हणून देशभर गाजलेली चौकडी होती. तेव्हा कॉलेज फुटबॉलला मान होता, पैसे घेऊन खेळणाऱ्यांकडे लोक नाक मुरडायचे. साहजिकच गल्ला मोठा जमणार, म्हणून ही मॅच ठेवली फिलाडेल्फियाच्या शाइब पार्कवर. फ्रँकफर्डने तक्रार केली: हा आमचा इलाका, इथे परवानगीशिवाय मॅच कशी? लीगचे अध्यक्ष जो कार यांनी मरून्सना बजावलं, खेळू नका. लीगच्या ऑफिसने फोनवर होकार दिला होता असं पॉट्सव्हिलचं म्हणणं. ते खेळले.

मॅच मात्र बघण्यासारखी झाली. नोत्र दाम 7-0 ने पुढे. लाटोनने टचडाउन केलं, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेला, त्याचे सहा गुण; पण त्यानंतरची एका गुणाची सोपी किक बेरीने घालवली. 7-6. अगदी शेवटी त्याच बेरीने तीसेक यार्डांवरून फील्ड गोल, म्हणजे खांबांमधून मारलेली तीन गुणांची किक, मारला. 9-7. व्यावसायिक टीमने चार घोडेस्वारांना हरवलं!

कार यांनी मरून्सना निलंबित केलं.

आता शिकागोत काय चाललं होतं ते ऐका. बेअर्स या टीमकडे तेव्हा रेड ग्रेंज नावाचा कॉलेजचा हिरो नुकताच आला होता, त्याला पाहायला हजारो लोक लोटत होते. कार्डिनल्सच्या ओब्रायनला बेअर्सशी आणखी एक मॅच हवी होती, त्यासाठी आपली कामगिरी चांगली दिसायला हवी. त्याने घाईघाईत दोन मॅच जमवल्या. 10 डिसेंबरला मिलवॉकी, 12 तारखेला हॅमंड. मिलवॉकीची टीम जवळजवळ पांगलेली होती, माणसं पुरेनात. कार्डिनल्सच्या एका खेळाडूने शिकागोतल्या शाळेची चार मुलं मिलवॉकीकडून उतरवली. निकाल 59-0. हॅमंडलाही 13-0 ने हरवलं.

प्रकरण फुटलं. मिलवॉकीच्या मालकाला टीम विकायला लावली, ओब्रायनला हजार डॉलर दंड झाला. पण तो विजय नोंदीत तसाच राहिला.

हिशेब करू. मरून्स: दहा विजय, दोन पराभव, टक्केवारी 83.3. कार्डिनल्स: अकरा विजय, दोन पराभव, एक बरोबरी, म्हणजे 84.6. आता शाळकरी पोरांना हरवलेली ती एक मॅच वजा करा. दहा आणि दोन. 83.3. दोघं एकदम सारखे! आणि समोरासमोर झालेल्या मॅचमध्ये मरून्स 21-7.

कार यांनी पॉट्सव्हिलला शिक्षा केली याबद्दल माझी तक्रार नाही. मालक एकमेकांच्या शहरात घुसायला लागले तर ती लीग दोन वर्षंही टिकली नसती, आणि स्ट्रीगल यांना इशारा मिळालेला होता. पण कुठे खेळलात म्हणून एका टीमचं सगळं जावं आणि कुणाशी खेळलात याचा दुसरीला नुसता दंड व्हावा, हा तराजू मला पटत नाही. खुद्द ओब्रायनलाही पटला नसावा, कारण लीगने देऊ केलेलं विजेतेपद त्याने घेतलं नाही. 1925 च्या विजेतेपदावर कार्डिनल्सचा दावा आला तो टीम बिडविल कुटुंबाकडे गेल्यानंतर, आणि त्या कुटुंबाने तो आजपर्यंत सोडलेला नाही.

मरून्सना 1926 मध्ये परत घेतलं, पण 1928 नंतर टीम गावातून गेलीच. जुन्या खेळाडूंनी अँथ्रासाइटचा फुटबॉल कोरून घेतला, स्वतःच स्वतःला दिलेला करंडक, आणि तो कँटनच्या हॉल ऑफ फेमला, म्हणजे फुटबॉलच्या संग्रहालयाला, देऊन टाकला. 1963 मध्ये लीगने प्रकरण पुन्हा तपासलं, बारा विरुद्ध दोन मतांनी फेटाळलं. कार्डिनल्स आता ॲरिझोनात असतात. इतक्या वर्षांत त्यांच्या नावावर विजेतेपदं दोनच, 1925 आणि 1947. त्यातलं एक सोडा म्हटलं तर कोण सोडील? 2003 मध्ये पुन्हा विषय निघाला तेव्हा मरून्सच्या विरोधात तीस मतं पडली. बाजूने दोन, पिट्सबर्ग स्टीलर्स आणि फिलाडेल्फिया ईगल्स, दोघंही पेनसिल्व्हेनियाचेच.

नमस्कार.