आग तिकडं, पाणी इकडं

श्रोतेहो, नमस्कार. रस्त्याचं खोदकाम चाललंय. जेसीबीचा दात जमिनीतल्या गॅसच्या पिवळ्या पाइपला लागतो, फुसकारा उठतो, कुठूनशी ठिणगी पडते आणि पुरुषभर उंचीची ज्वाळा उभी राहते. बंब येतो. जवान पाणी मारू लागतात, पण शेजारच्या भिंतीवर, उभ्या गाड्यांवर. बघे ओरडतात, "अहो, आग तिकडं आहे!"

जवानांना ते दिसत असतं. पण ज्वाळा नुसती विझवली आणि गॅस येतच राहिला, तर तो कुठे साचेल याचा नेम नाही. हवेत साधारण ५ ते १५ टक्के नैसर्गिक वायू मिसळला की एक ठिणगी पुरते. त्यापेक्षा डोळ्यांसमोर जळतोय तो बरा! गॅस कंपनीच्या माणसांनी वॉल्व्ह बंद केला की ज्वाळा आपोआप बसते. तोवर आजूबाजूचं थंड ठेवायचं.

खरी कसोटी लागते ती नुसत्या गळतीला. तिथे बंब लांब उभा करतात, वारा ज्या बाजूने येतो त्या अंगाला. जवान पुढे जातात ते हातात गॅस मोजायचं यंत्र घेऊन. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत पसरतो. पाइपातला हलका, तो वर निघून जातो. पण वर डांबर किंवा काँक्रीट असेल तर जाणार कुठे? तो आडवा सरकतो, गटारातून, केबलच्या नळ्यांतून, आणि भलत्याच घरात निघतो. म्हणून जवान आसपासची मॅनहोल, तळघरं, तळमजल्याच्या खोल्या तपासत फिरतात.

आणि वास? या वायूला मुळात वास नसतो. १९३७ मध्ये अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडनच्या शाळेत न कळता साचलेल्या गॅसचा स्फोट झाला, सुमारे ३०० जीव गेले, बहुतेक मुलं. त्यानंतर गॅसमध्ये मुद्दाम उग्र वास मिसळण्याचे कायदे आले. मात्र मातीतून झिरपताना तो वास कधी कधी मातीतच मुरतो. म्हणून जवान नाकापेक्षा यंत्रावर भरवसा ठेवतात.

घरं रिकामी करताना ते बेल वाजवत नाहीत, दार ठोठावतात; बेलच्या बटणातही ठिणगी असते. तेव्हा रात्री-अपरात्री असं दार वाजलं, तर दिवा लावू नका, लागलेला मालवूही नका. लिफ्टकडे न वळता, अंगावरच्या कपड्यांनिशी जिना उतरा.