कुंपणाची नोंद कोण घेणार?

अध्यक्षमहाराज, आणि एवढ्या पावसात आलेले तुम्ही सगळे, नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय 'शहरातली झाडं आणि पुढची पिढी'. झाडांवर येतोच, पण आधी मला कुंपणाबद्दल बोलू द्या. झाडांसाठी भांडणारे पुण्यात पुष्कळ आहेत, कुंपणाला वाली नाही.

बंगल्यांच्या पुण्यात ज्यांचं लहानपण गेलं, त्यांना कुंपण म्हणजे काय ते सांगायला नको. मेंदी, कोरांटी, अडुळसा, मधूनच एखादी निर्गुडी. अडुळसा का, तर शेळी त्याला तोंड लावत नाही. कोरांटी का, तर काटे. आणि निर्गुडी का, तर घरात कुणाचे ना कुणाचे गुडघे दुखतच असतात! (हशा)

आमच्या गल्लीच्या टोकाला असं साठेक पावलांचं कुंपण होतं. तीन वर्षांपूर्वी श्रावणात तिथल्या अडुळशात शिंप्यानं घरटं केलं. दोन पानांच्या कडांना बारीक भोकं, त्यांतून ओढून घेतलेला कापसाचा धागा, आणि आत बोटाच्या पेराएवढी तीन पिल्लं. माझी नात शाळेत जाताना रोज वाकून बघायची. मग पुनर्विकासाचं काम निघालं. एका सकाळी जेसीबी आला आणि तासाभरात सगळं कुंपण मुळासकट ट्रॉलीत. मी ट्रॉलीत चढून ती दोन पानं शोधली. सापडली नाहीत. तसाच चिखलाच्या पायांनी कार्यालयात गेलो. तिथले साहेब शांतपणे म्हणाले, "काका, झाड तोडलं असतं तर नोटीस काढली असती. ही झुडपं, यांची नोंदच नसते." खरं होतं ते. वृक्षगणनेत झाडाच्या अंगावर क्रमांक पडतो, कुंपणाच्या नाही. आज तिथे सात फुटांची भिंत आहे.

उंबराच्या फळांवर धनेश येतो, त्याचे फोटो आपण आवडीनं काढतो. पण शिंपी आणि बुलबुल घरटी करतात ती छातीएवढ्या उंचीच्या गच्च झुडपांत. भिंतीत ती कुठे करायची?

चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं राहिली. आता झाडांचं भरभर सांगतो.

आपल्याकडे नागरी भागातल्या झाडांसाठी 1975 चा कायदा आहे. 2021 च्या सुधारणेनं 50 वर्षांवरचं झाड 'हेरिटेज' ठरतं, आणि झाड तोडायचं तर त्याच्या वयाइतकी रोपं लावून सात वर्षं सांभाळावी लागतात. सुधारणा चांगली आहे. पण शंभर वर्षांच्या वडाची सावली शंभर रोपं माझ्या नातीला तिच्या तरुणपणी देऊ शकणार नाहीत. म्हणून आधी आहेत ती राखा. राष्ट्रीय हरित लवादानं 2013 मध्ये दिल्लीत झाडाभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. आपल्या फुटपाथवर बघा, पेव्हर ब्लॉक थेट बुंध्याला भिडलेले. पाणी शोषणारी बारीक मुळं वरच्या हात-दीड हात मातीतच असतात हो! आणि ते लोखंडी पिंजरे. आमच्या रस्त्यावरच्या कडुनिंबाच्या खोडात पिंजऱ्याची सळई रुतून बसली आहे, वर साल चढली आहे. रोप लावून फोटो काढलात, तसा चार-पाच वर्षांनी पिंजरा काढायलाही या.

नवीन लावायचं तर वड-पिंपळ मैदानाच्या कडेला. अरुंद रस्त्याला बहावा, ताम्हण, बकुळ. तीन उन्हाळे पाणी घाला, गळलेला पाला जाळू नका, बुंध्याशीच राहू द्या.

आणि कुंपण. दाराशी ओल्या गोणपाटात मेंदीचे आणि अडुळशाचे फाटे बांधून ठेवलेत, पेन्सिलीएवढ्या जाडीचे. जाताना प्रत्येकानं पाच-सहा न्या. आज रात्री बादलीत उभे ठेवा, उद्या सकाळी वीत-वीत अंतरावर अर्धे मातीत खोचा. पाऊस आहे तोवर लागतील. सोसायटीत कुणी हरकत घेतली तर मला बोलवा, मी येतो.