पन्नास बार म्हणजे चाचणी नव्हे

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘सेमी-ऑटोमॅटिक शॉटगनची खात्री कशी करावी’. म्हणजे बार झाला की रिकामी पुंगळी टाकून पुढचं काडतूस आपोआप भरणारी छऱ्यांची बंदूक. त्याच्याकडं येतोच. पण आधी एक बोलू द्या. तेजस्विनी सावंत 2010 साली म्युनिकला विश्वविजेती झाली, राही सरनोबतनं 2018 साली आशियाई स्पर्धेत पालेमबांगला सुवर्ण जिंकलं, आपल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 2024 ला पॅरिसचं कांस्य आणलं. तिघंही आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातली, आणि सगळी पदकं रायफल-पिस्तुलाची. शॉटगनवाली पोरं मोजकी, त्यामुळं त्यांच्या गनकडं नीट बघणारी माणसंही मोजकी. हे मला सलतं.

का सलतं ते सांगतो. शिरोलीच्या फाउंड्रीत मी तीस वर्षं कास्टिंग तपासली. माझ्या भाच्याची गन दुरुस्त होऊन आली. दुकानदार म्हणाला, ‘‘पन्नास बार काढलेत, एकबी अडकला नाही. बिनघोर न्या.’’ आम्ही स्पर्धेला नेली. पहिल्याच फेरीत सातव्या लक्ष्याला पोराचा पहिला बार हुकला, दुसऱ्यासाठी त्यानं चाप ओढला, तर काहीच नाही. पोरगं शिस्तीचं. नळी समोरच धरली, बोट चापावरून काढलं, हात वर केला. रेफरीनं पाहिलं तर रिकामी पुंगळी गनच्या खिडकीत उभी आणि बोल्टनं, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या सरकत्या ठोकळ्यानं, ती मधोमध दाबून धरलेली. ती पुंगळी मी अजून ठेवलीय. लाल प्लॅस्टिकवर चंद्रकोरीसारखा वळ उठलाय, बघा. त्या फेरीत असं आणखी दोनदा झालं. रात्री पोरगं जेवलं नाही. बहीण म्हणाली, ‘‘दादा, लोकांचं लोखंड तपासतोस आणि हे तपासलं नाहीस?’’

मी दुकानदाराला फोन लावला, कुठल्या काडतुसांवर पन्नास बार काढले म्हणून. तर 32 ग्रॅम छऱ्यांची! आणि ट्रॅपच्या, म्हणजे उडत्या तबकड्या फोडायच्या स्पर्धेत चालतात 24 ग्रॅमची. तालमीतल्या पोरांना पाडून कुणी खासबागेच्या कुस्ती मैदानात उतरतं का?

भानगड अशी असते. गॅसवर चालणाऱ्या गनमध्ये नळीतल्या बारीक भोकांतून थोडा वायू पिस्टनवर येतो आणि बोल्टला मागं ढकलतो. काडतूस हलकं असलं, त्यात पिस्टनवर काजळी बसलेली असली, की बोल्ट पुरता मागं जात नाही आणि पुंगळी बाहेर पडता पडता सापडते. हे दुखणं जुनंच आहे. ब्राउनिंगनं 1900 साली पेटंट घेतलेल्या गनमध्ये नळीच मागं सरकायची, आणि काडतूस हलकं की भारी त्याप्रमाणं आतल्या घर्षणाच्या कड्या बदलून बसवाव्या लागायच्या. त्या गनवर मी तासभर बोलू शकतो, पण चिठ्ठी आलीय. पाच मिनिटं राहिलीत.

तर मुद्दा. पन्नास बार बिनबोभाट गेले तर 95 टक्के खात्रीनं एवढंच म्हणता येतं की बिघाड शेकडा सहाच्या आत आहे. ट्रॅपला 125 लक्ष्यं असतात. म्हणजे सात वेळा अडकायला वाव राहिलाच की! हिशेब सोपा आहे. एकही बिघाड नसेल तर तीनाला बारांच्या संख्येनं भागा. शेकडा एकची खात्री हवी, तर तीनशे बार, तेही ओळीनं.

स्पर्धेचीच काडतुसं घ्या, त्यातली सर्वांत हलकी. गन शिकंज्यात आवळू नका, खांद्यावरूनच मारा. इनर्शियाच्या, म्हणजे वायूऐवजी बाराच्या धक्क्यावर चालणाऱ्या गनला मागं सरकायला जागा मिळाली नाही तर ती उघडतच नाही. मधे साफ करू नका, काजळी चढू द्या. अडकली तर कितवा बार, पुंगळी अडकली की नवं काडतूस वर आलं नाही, हे तिथंच लिहा. मग एकच गोष्ट बदला आणि मोजणी पुन्हा एकपासून. चाप ओढून बार झालाच नाही तर नळी समोर धरून अर्धा मिनिट थांबा, लगेच उघडू नका.

भाच्याची वही आणलीय. 211 व्या बाराला लाल खूण आहे, तिथं पिस्टनची कडी बदलली. त्यानंतरची पानं पुढं येऊन बघा.