भाकरीची पत

(दृश्य: पहाट. सिंहगडाची पायवाट, चुलींचा धूर.)

रविवारी सकाळी गडावर पोचलात की घामाघूम झालेलं अर्धं पुणं चुलीभोवती बसलेलं दिसतं. पिठलं, भाकरी, वांग्याचं भरीत, मटक्यातलं दही. दोन भाकऱ्या संपवून "अजून अर्धी वाढा हो मावशी" म्हणणारी हीच माणसं संध्याकाळी घरी पोळी खातात. कित्येक वर्षं मी हे बघत आलेय. भाकरी गडावर, पोळी घरात.

माझ्या घरातही असंच झालं, आणि ते माझ्यामुळे झालं.

करमाळ्याहून पुण्याला आलो तेव्हा मी आठवीत होते. डब्यात ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी असायची. वर्गात कुणी चिडवलं नाही. शेजारची मुलगी एवढंच म्हणाली, "तुम्ही रोज भाकरी खाता?" त्या 'रोज'ने मी आतून चोरटी झाले. दुसऱ्या दिवसापासून डब्याचं झाकण अर्धंच उघडायचं, तुकडा आतल्या आत मोडायचा. महिन्याभराने आईला सांगितलं, उद्यापासून पोळी दे. आई काहीच बोलली नाही. शनिवारी तिने दळणात गहू घातले.

(दृश्य: मार्केट यार्ड, गुलटेकडी. भुसार विभाग, ज्वारीची पोती.)

नाना-भवानी पेठेतला जुना भुसार बाजार पुढे इथे हलला. इथल्या जुन्या माणसांकडे ज्वारीची गोष्ट काढली की ते हमखास 1972 वर येतात. त्या दुष्काळात रेशनवर परदेशातली लाल मिलो ज्वारी मिळायची. तिची भाकरी ज्यांनी खाल्ली, त्यांचं तोंड आजही नुसत्या नावाने वाकडं होतं. त्याच काळात खरिपाची हायब्रीड ज्वारी आली. उत्पन्न भरपूर, पण कणसं पावसात सापडली की दाणा काळा पडायचा आणि भाकरीही काळपट व्हायची. घरी चार पैसे आले की माणसं गव्हाकडे वळली. पोळी म्हणजे बरे दिवस, भाकरी म्हणजे ओढगस्त, असं मनात पक्कं होत गेलं.

1995 मध्ये राज्य सरकारने एक रुपयात झुणका-भाकर सुरू केली. भुकेल्या माणसाला तिचा आधार होता, हे विसरून चालणार नाही. पण भाकरीवर एक रुपयाचा शिक्का बसला, तोही खराच. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यात रेशनचे दर ठरले तेव्हा तांदूळ 3 रुपये किलो, गहू 2 रुपये आणि भरडधान्य, म्हणजे ज्वारी-बाजरी, 1 रुपया. भरडधान्य. कानाला कसं लागतं बघा.

2018 मध्ये केंद्र सरकारने तेच 'पौष्टिक तृणधान्य' केलं. 2023 हे संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय पौष्टिक तृणधान्य वर्ष म्हणून पाळलं आणि आपल्याकडे 'श्रीअन्न' हा शब्द आला. पोत्यातली ज्वारी तीच होती.

आज चांगली मालदांडी ज्वारी साध्या गव्हापेक्षा महाग आहे. गिऱ्हाईक भाव ऐकून चमकतं, "ज्वारीला एवढे?" पण मधल्या वर्षांत शहराने ज्वारी मागायची सोडली, तशी शेतकऱ्याने पेरायची कमी केली. रब्बीची ज्वारी परतीच्या पावसावर काळ्या रानात पेरतात. जमिनीत मुरलेल्या ओलीवर ती उभी राहते, थंडीच्या दवावर भरते. पाटपाणी आलं तिथे ऊस आला. ज्वारी मुळासकट हाताने उपटून काढायची, त्याला मजूर मिळेना. घरची जनावरं कमी झाली, तशी कडब्याची गरजही गेली. आता आपल्याला ज्वारी हवी झाली आहे, पण तिची रानं मोकळी राहिलेली नाहीत.

(दृश्य: मॉल. 'ज्वारी' लिहिलेली रंगीत पाकिटं.)

पाकिटावर कणसाचं चित्र असतं. ते राहू द्या, पाकीट उलटं करा. घटक पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, म्हणजे जे सगळ्यात जास्त ते पहिलं. पहिला शब्द मैदा असेल आणि ज्वारी चौथ्या-पाचव्या जागी, तर तुम्ही मैद्याचं बिस्कीट विकत घेताय.

(दृश्य: कर्वेनगर. पोळी-भाजी केंद्र, संध्याकाळचे सात.)

इंदापूरकडच्या एक ताई इथे भाकऱ्या करतात. पिठात गरम पाणी घालून त्या तळहाताच्या टाचेने मळतात, चांगलं दोन-तीन मिनिटं. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखी ताण धरणारी चिकटाई नसते, म्हणून लाटणं नाही, थापणं. परातीत कोरडं पीठ, त्यावर गोळा, आणि बोटांच्या तालावर तो फिरत फिरत मोठा होतो. थापलेली भाकरी पिठाची बाजू वर ठेवून तव्यावर पडते, वरून पाण्याचा हात फिरतो. पाणी सुकायच्या आत उलटायची, मग सरळ आचेवर. टम्म फुगते.

आज एक फुटली. काठ चिरत गेले.

"पीठ जुनं झालंय," ताई म्हणाल्या. "विरी गेली त्याची. ज्वारीचं दळण आठ दिवसांचंच आणायचं. मालकांना सांगते, पण ते महिन्याचं आणतात."

विरी, म्हणजे पिठाचा धरून राहण्याचा जोर. आईच्या तोंडून ऐकलेला हा शब्द मला इतक्या वर्षांनी परत मिळाला. मॉलमधल्या पाकिटावर पॅकिंगची तारीख असते, विरीबद्दल काही नसतं.

भाकरी मागणारे बरेच जण आधीच सांगून टाकतात, "शुगर निघाली, डॉक्टरांनी गहू बंद केलाय." मला हे ऐकून वाईट वाटतं. मी लाजेने भाकरी सोडली होती, ही माणसं धास्तीने तिच्याकडे येतायत. गरम भाकरीवर लोण्याचा गोळा वितळताना बघून तोंडाला पाणी सुटलं म्हणून येणारे थोडे.

त्यातले एक आजोबा रोज येतात. एकच भाकरी घेतात. आजही आले. झाकलेल्या टोपलीत सकाळच्या चार होत्या.

"या देऊ का, की थांबता?" ताईंनी विचारलं. "नवं दळण आत्ताच आलंय."

आजोबांनी काठी भिंतीला टेकवली आणि बाकावर बसले.