प्रकाशनाच्या तारखेआधी

(दृश्य : कार्यालयाची भिंत. त्यावर येत्या वर्षाचा तक्ता. काही तारखा शाईने लिहिलेल्या, काही पेन्सिलीने.)

स्वतंत्र रेकॉर्ड लेबलची, म्हणजे मोठ्या कंपन्यांबाहेर राहून रेकॉर्ड काढणाऱ्या छोट्या कंपनीची, बातमी साधारणतः चार ओळींत मावते. कलाकाराचे नाव, अल्बमचे शीर्षक, प्रकाशनाची तारीख आणि तो कोणकोणत्या स्वरूपात मिळेल याची नोंद. सोबत आवरणाचे चित्र आणि ऐकण्यासाठी एखादे गाणे. ही बातमी वाचणाऱ्याला वाटते की काम आता सुरू होते आहे. लेबलच्या कार्यालयात, म्हणजे पुष्कळदा दोन-तीन माणसे आणि खोक्यांनी भरलेल्या एका खोलीत, परिस्थिती नेमकी उलट असते. बातमी बाहेर पडते तेव्हा बहुतेक काम आटोपलेले असते, बहुतेक पैसा खर्च झालेला असतो, आणि तो परत येईल की नाही हे कळायला अजून कित्येक महिने असतात. म्हणून आगामी प्रकाशनांची यादी ही जितकी संगीताची बातमी असते, तितकीच कोणी कोणासाठी आधी पैसे मोजले याची नोंदही असते. हा लघुपट ती यादी या दुसऱ्या अंगाने वाचून पाहतो.

ब्रिटनमध्ये जानेवारी १९८० मध्ये स्वतंत्र लेबलांची वेगळी विक्रीयादी सुरू झाली. तिच्यात प्रवेशासाठी संगीताच्या प्रकाराची कोणतीही अट नव्हती. रेकॉर्ड मोठ्या कंपन्यांच्या वितरणव्यवस्थेबाहेरून दुकानात आलेली असावी, एवढेच पुरेसे होते. माल कोण पोहोचवतो आणि त्यात कोणाचे पैसे अडकलेले आहेत, यावर हे स्वातंत्र्य मोजले जात होते, आणि ही कसोटी आजही बरीचशी खरी आहे.

तिच्या तीन वर्षे आधी, जानेवारी १९७७ मध्ये, मँचेस्टरच्या बझकॉक्स या बँडने आपली चार गाण्यांची पहिली रेकॉर्ड स्वतःच्याच न्यू हॉर्मोन्स या लेबलवर काढली. त्यासाठी कुटुंबीय आणि मित्रांकडून सुमारे ५०० पौंड उसने घेण्यात आले आणि पहिल्या खेपेस १००० प्रती छापण्यात आल्या. आवरणावर प्रत्येक गाण्यापुढे ते कितव्या प्रयत्नात ध्वनिमुद्रित झाले आणि त्यावर नंतर काही भरले का, हे छापलेले होते. रेकॉर्ड कशी बनते हे गुपित नाही आणि ते कोणालाही करता येते, असा त्याचा सरळ अर्थ होता. पुढे तिच्या सुमारे १६,००० प्रती खपल्या. १९८० च्या डिसेंबरमध्ये वॉशिंग्टन शहरातल्या टीन आयडल्स या बँडने असेच पाऊल उचलले. बँड तोवर मोडला होता. कार्यक्रमांतून साठलेले सुमारे ६०० डॉलर वाटून घेण्याऐवजी त्या मुलांनी त्यातून एक रेकॉर्ड काढली, आणि तिची आवरणे कात्री आणि गोंद घेऊन हातानेच तयार केली. तिथून सुरू झालेले डिस्कॉर्ड हे लेबल कलाकारांशी लेखी करार न करण्यासाठी प्रसिद्ध आहे. खर्च वजा जाता उरेल ते वाटून घ्यायचे, अशी तिथली रीत आहे.

(दृश्य : लॅकरच्या, म्हणजे मऊ लेप दिलेल्या, चकतीत खोबणी कापण्याचे यंत्र. सुईखालून निघणारा बारीक काळा तंतू नळीत ओढला जातो आहे.)

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू, कारण घोषणेतली तारीख इथे ठरते. ध्वनिमुद्रण आणि मिक्सिंग, म्हणजे वेगवेगळे आवाज एकत्र जुळवणे, संपल्यावर मास्टरिंग म्हणजे आवाजाची अंतिम तयारी होते, आणि व्हिनाइलच्या रेकॉर्डसाठी ती वेगळी करावी लागते. बारा इंची रेकॉर्डच्या एका बाजूस साधारण बावीस मिनिटांपर्यंतचे संगीत नीट बसते. त्याहून अधिक भरायचे तर खोबणी अरुंद करावी लागते आणि आवाज दबतो. रेकॉर्ड सतत एकाच गतीने फिरत असल्यामुळे मध्याकडे येताना प्रत्येक फेऱ्याची लांबी कमी होत जाते आणि तितक्याच सेकंदांचे संगीत कमी जागेत बसवावे लागते. साहजिकच प्रत्येक बाजूच्या शेवटच्या गाण्यात वरच्या पट्टीतले बारकावे बोथट होतात. शेवटी शांत गाणे ठेवण्याचा निर्णय अनेकदा कवित्वापेक्षा भूमितीने झालेला असतो, आणि समीक्षकाने त्याचे श्रेय कलाकाराच्या अंतर्मुखतेला दिले तर लेबलची माणसे ते खोडून काढत नाहीत.

मास्टर तयार झाला की ॲल्युमिनियमच्या चकतीवर दिलेल्या लॅकरच्या थरात खोबणी कापली जाते. त्या लॅकरवर चांदीचा पातळ थर चढवून मग निकेलचे विद्युत्-विलेपन करतात. हा निकेलचा थर सोलून काढला की त्यावर खोबणीच्या जागी उंचवटे उमटलेले असतात, आणि पुढील टप्प्यांतून तयार होणारे साचे म्हणजेच स्टॅम्पर प्रेसमध्ये बसवले जातात. वाफेने तापवलेल्या दोन स्टॅम्परांमध्ये मऊ झालेला पीव्हीसीचा, म्हणजेच व्हिनाइलचा, गोळा दाबला जातो आणि अर्ध्या मिनिटाच्या आसपास एक रेकॉर्ड बाहेर पडते. एका स्टॅम्परच्या जोडीतून हजारभर प्रती निघाल्या की त्याची धार जाऊ लागते. मात्र मोठ्या छपाईआधी मोजक्या चाचणीप्रती येतात, पांढऱ्या लेबलच्या, नावगाव नसलेल्या. या प्रती कंपनीची माणसे आणि कलाकार शेवटपर्यंत ऐकतात. एकाच जागी प्रत्येक प्रतीत खट्ट असा आवाज आला तर दोष साच्यात आहे, एकाच प्रतीत आला तर तो त्या प्रतीपुरता आहे. साच्यातला दोष निघाला की पुन्हा मागे जावे लागते, आणि तक्त्यावरची पेन्सिलीने लिहिलेली तारीख खोडावी लागते.

(दृश्य : चाचणीप्रत उजेडात तिरकी धरलेली. शेवटच्या खोबणीनंतरच्या मोकळ्या पट्ट्यात हाताने कोरलेली अक्षरे.)

त्या मोकळ्या पट्ट्यात कोरलेला असतो तो कॅटलॉग क्रमांक. लेबलचे संक्षिप्त नाव आणि पुढे आकडा, इतकाच हा प्रकार. पण कारखाना, वितरक, दुकान आणि हिशेबनीस या सर्वांसाठी रेकॉर्डचे खरे नाव तेच. मँचेस्टरच्या फॅक्टरी रेकॉर्ड्सने तर क्रमांक देण्याचा छंदच केला. पहिला क्रमांक १९७८ च्या भित्तिपत्रकाला, एक्कावन्न क्रमांक हॅसिएन्डा या क्लबला, आणखी एक तिथल्या मांजराला मिळाला. संस्थापकांपैकी टोनी विल्सन २००७ मध्ये वारले तेव्हा त्यांच्या शवपेटीलाही क्रमांक देण्यात आला. याच लेबलने १९८३ मध्ये न्यू ऑर्डर या बँडचे ‘ब्लू मंडे’ हे गाणे कापीव छिद्रे असलेल्या अशा महागड्या आवरणात काढले की सुरुवातीच्या प्रत्येक प्रतीमागे तोटा होत असे, असे सांगितले जाते. तोट्याच्या आकड्यावर संबंधितांचे एकमत नाही, पण गाणे तुफान खपले आणि तरीही १९९२ मध्ये फॅक्टरी बुडाली. सुंदर वस्तू बनवणे आणि पुढच्या कलाकाराचे पैसे वेळेवर देणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत, आणि फॅक्टरीकडे त्यातले पहिलेच भरपूर होते.

लॅकर कोण बनवतो हा प्रश्न फेब्रुवारी २०२० पर्यंत या धंद्याबाहेर फारसा कोणी विचारला नसेल. त्या महिन्यात कॅलिफोर्नियातील बॅनिंग येथे अपोलो मास्टर्सचा कारखाना आगीत नष्ट झाला. अशा चकत्या बनवणारे जगात दोनच कारखाने होते. दुसरा जपानमध्ये आहे. त्यापाठोपाठ महासाथ आली, व्हिनाइलची मागणी मात्र वाढतच गेली, आणि प्रेसिंगच्या रांगा कित्येक महिन्यांनी लांबल्या. ज्या लेबलची मागणी पाचशे प्रतींची, त्याने मोठ्या कंपन्यांच्या लाखोंच्या मागण्यांमागे थांबायचे, असा तो काळ होता. अनेक लेबलांनी तेव्हा अल्बम आधी डिजिटल काढून रेकॉर्ड मागाहून पाठवली. आजही घोषणेत दोन तारखा दिसतात, त्यामागचे एक कारण हे आहे.

आता पैशाकडे येऊ. ध्वनिमुद्रणगृह, मास्टरिंग, छपाई, आवरण, प्रसिद्धी, यांची बिले प्रकाशनाआधी येतात. विक्रीची रक्कम प्रकाशनानंतर, आणि वितरकामार्फत आली तर आणखी उशिरा. या दोन काळांतले अंतर कोणीतरी भरून काढावे लागते. आगाऊ नोंदणी करणारा श्रोता नेमके तेच करतो, भले आपण कोणाला कर्ज दिले असे त्याला वाटत नसेल. सिअ‍ॅटलच्या सब पॉप या लेबलने हे फार लवकर ओळखले. १९८८ च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झालेल्या त्याच्या सिंगल्स क्लबचे, म्हणजे एक-दोन गाण्यांच्या छोट्या रेकॉर्डच्या योजनेचे, वर्गणीदार पैसे आधी भरत आणि त्यांना ठरावीक काळाने एकेक रेकॉर्ड टपालाने येई. कोणाची येणार हे त्यांना ठाऊक नसे. पहिली रेकॉर्ड निर्वाणा नावाच्या, तेव्हा फारशा कोणाला माहीत नसलेल्या बँडची होती, क्रमांक घातलेल्या १००० प्रतींची. त्याच बँडचा पहिला अल्बम पुढच्या वर्षी आला. त्याच्या ध्वनिमुद्रणाचे बिल ६०६ डॉलर आणि १७ सेंट झाले, आणि ते लेबलने नव्हे तर बँडमधल्याच एका गिटारवादकाने भरले होते.

आज हीच आगाऊ नोंदणी बहुतांशी बँडकॅम्पसारख्या संगीतविक्रीच्या संकेतस्थळांवर होते. तिथे डिजिटल विक्रीतून १५ टक्के आणि वस्तूंच्या विक्रीतून १० टक्के कापले जातात आणि उरलेले लेबलकडे किंवा कलाकाराकडे जाते. २० मार्च २०२० रोजी बँडकॅम्पने एक दिवस आपला हिस्सा सोडला, तेव्हा त्या एका दिवसात श्रोत्यांनी ४३ लाख डॉलरची खरेदी केली. स्ट्रीमिंगचे चित्र वेगळे आहे. स्पॉटिफायवर २०२४ पासून, मागील बारा महिन्यांत एक हजार वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाच्या मानधनात वाटा मिळत नाही. छोट्या लेबलच्या यादीतली अनेक गाणी या रेषेच्या आसपासच असतात.

(दृश्य : वितरकाचे गोदाम. ट्रॉलीवर रचलेली खोकी.)

तारीख जवळपास नेहमी शुक्रवारची असते, कारण १० जुलै २०१५ पासून जगभर नवे संगीत शुक्रवारी प्रकाशित होते. त्याआधी ब्रिटनमध्ये सोमवार आणि अमेरिकेत मंगळवार असे. स्वतंत्र क्षेत्रातून तेव्हा यास विरोध झाला होता, आणि त्यांचे म्हणणे अगदी व्यवहारी होते : शुक्रवारी दुकानातला माल संपला तर शनिवार-रविवारी, म्हणजे ऐन विक्रीच्या दिवसांत, तो पुन्हा भरणार कोण?

वितरक हा या साखळीतला श्रोत्याला कधीच न दिसणारा दुवा आहे, आणि तो तुटला की लेबलची चूक नसताना लेबल अडचणीत येते. १९९१ मध्ये ब्रिटनमधील रफ ट्रेड डिस्ट्रिब्युशन दिवाळखोरीत गेली, तेव्हा विकल्या गेलेल्या रेकॉर्डचे पैसेही अनेक लेबलांच्या हाती आले नाहीत. ऑगस्ट २०११ मधील लंडनच्या दंगलीत एन्फील्ड येथील एक गोदाम जाळण्यात आले. त्यात दीडशेहून अधिक स्वतंत्र लेबलांचा माल होता. जुन्या अल्बमच्या प्रती, ज्यांची थोडी थोडी विक्री नव्या प्रकाशनांचा खर्च चालवते, त्याच तिथे रचलेल्या होत्या.

कारण यादीतला प्रत्येक कलाकार आपला खर्च भरून काढत नाही, आणि लेबल चालवणाऱ्यांना ते आधीच माहीत असते. नॉर्थ कॅरोलायनातील मर्ज रेकॉर्ड्स १९८९ मध्ये सुपरचंक या बँडमधल्या दोघांनी सुरू केले. पंधरा वर्षांनी त्यांनी आर्केड फायरचा पहिला अल्बम काढला, आणि २०११ मध्ये याच बँडच्या याच लेबलवरील अल्बमला वर्षातील सर्वोत्तम अल्बमचे ग्रॅमी मिळाले. मधल्या काळात मर्जने इतरही पुष्कळ कलाकारांना सांभाळले, आणि पहिल्या अल्बमवर हिशेब जुळला नाही म्हणून त्यांना सोडून दिले असते तर तिथवर पोहोचायला लेबलच शिल्लक राहिले नसते. उलट बाजूही लक्षात ठेवायला हवी. निर्वाणा मोठ्या कंपनीकडे गेला तेव्हा सब पॉपने भरपाईची रक्कम आणि पुढील विक्रीतला काही वाटा मिळवला होता. आर्थिक ओढाताणीतल्या त्या लेबलला यादीवरच्या कलाकारांपेक्षा सोडून गेलेल्या कलाकाराने अधिक तारले.

प्रकाशनाच्या शुक्रवारनंतर साधारण दोन-तीन आठवड्यांत वितरकाकडून पहिले आकडे येतात. कलाकाराचे रॉयल्टीपत्रक, म्हणजे विक्रीतल्या त्याच्या वाट्याचा हिशेब, बहुधा सहा महिन्यांनी निघते, आणि आगाऊ दिलेली रक्कम वळती होईपर्यंत त्यावर उणे चिन्हच असते. त्याआधीच एक प्रश्न सोडवावा लागतो. पहिल्या पाचशे प्रती संपत आल्या असतील तर दुसरी छपाई आत्ताच सांगायला हवी, कारण कारखान्याची रांग लांब आहे. पण दुकानांनी नेलेल्या प्रतींपैकी किती परत येतील हे अजून कळलेले नाही. हा निर्णय पुष्कळदा पुढच्या कलाकाराची घोषणा जाहीर होते त्याच आठवड्यात घ्यावा लागतो, आणि दोन्ही बिले एकाच खात्यातून जायची असतात.